एका सीक्यूएवढा ब्रेक : जुन्या हॅम-फोर रोटेटरला संगणकाची जोड

कराडच्या काकांच्या टेबलावर तीन पट्ट्यांचा एक डबा आहे. मधली पट्टी ब्रेक सोडण्याची, डावी डावीकडे फिरण्याची, उजवी उजवीकडे फिरण्याची. वर एक काट्याचं मीटर. गच्चीवरच्या मनोऱ्यावर बसलेली तीन दांड्यांची बीम, म्हणजे एका दिशेला झोत टाकणारी अँटेना, या डब्याच्या हुकमाने फिरते. मी हौशी रेडिओची परीक्षा काकांच्याच हाताखाली दिली, त्यामुळे हा डबा मला त्यांच्या चेहऱ्याइतकाच ओळखीचा. लंडनकडे बोलायचं असेल तर बीम ३१९ अंशांवर, टोकियोसाठी ५८ वर, न्यूयॉर्कसाठी ३३४ वर. हे आकडे काकांना पाढ्यांसारखे पाठ आहेत.

गेल्या काही वर्षांत काचबिंदूने त्यांची नजर इतकी कमी केली, की मीटरचा काटा दिसेनासा झाला. संगणकावर ते एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा मोफत प्रोग्रॅम वापरतात. लॉग म्हणजे संभाषणांची नोंद, ई-मेल, सगळं त्यावरच चालतं. रिग, म्हणजे रेडिओ संच, तीही बोलते. मुकी राहिली होती ती फक्त बीम. शिवाय त्या पट्ट्या दाबून धरायच्या असतात आणि मोठ्या फेरीला मिनिटभर दोन बोटं सोडता येत नाहीत. संधिवाताने आखडलेल्या बोटांना तेही जड झालं होतं. एका रविवारी काका म्हणाले, "अगं, मला हा डबा बोलता करून दे. फिरवायचं मी बघतो." फिरवणंही संगणकाकडे द्यावं लागलं आणि खरं काम तिथेच होतं. ते कसं झालं, कुठे चुकलं, हे सविस्तर लिहिते, कारण असे डबे अजून बऱ्याच हौशींच्या शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत, आहेत.

डब्यात काय आहे

रोटेटर, म्हणजे मनोऱ्यावर बसून बीम फिरवणारं यंत्र, हॅम-फोर आहे. हे घराणं मुळात अमेरिकेतल्या सीडीई कंपनीचं, पुढे हाय-गेन नावाखाली आलं आणि नंतर एमएफजेकडे गेलं. एमएफजेने मे २०२४ मध्ये मिसिसिपीतल्या कारखान्यातलं उत्पादन थांबवलं. म्हणजे जे हातात आहे ते जपायचं, आणि मूळ डब्याची एकही तार कायमची तोडायची नाही, हा पहिला नियम आम्ही ठरवला. संगणक बंद असला तरी पट्ट्या पूर्वीसारख्याच चालल्या पाहिजेत.

डब्यातून मनोऱ्यावर आठ तारा जातात. मोटर साधारण २६ व्होल्ट एसीवर चालते. तिची दोन वेटोळी आहेत आणि एक कपॅसिटर ज्या बाजूला लागेल त्यावर दिशा ठरते. दोन्ही टोकांना मर्यादा-स्विच आहेत. ब्रेक म्हणजे एक पाचर. एरवी ती स्प्रिंगच्या जोराने दातेरी कड्याच्या खाचेत बसून बीमला जखडून ठेवते आणि सोलेनॉइडला, म्हणजे विद्युतचुंबकाला, वीज मिळाली की मागे ओढली जाते. वाऱ्याला बीम फिरू न देणं हे या पाचरीचं काम. बीम कुठे आहे हे सांगायला आत ५०० ओहमचा एक तारेचा पॉट, म्हणजे फिरवल्यावर रोध बदलणारा रोधक, आहे, त्याच्यावर डब्यातून १३ व्होल्ट स्थिर दाब दिलेला असतो.

पहिला पूर्ण दिवस मी फक्त मोजत होते. डबा बंद, प्लग बाहेर, मनोऱ्याकडे जाणाऱ्या आठ तारा पट्टीवरून सोडवलेल्या आणि मल्टिमीटर हातात. १ आणि २ मध्ये ब्रेकचं सोलेनॉइड, केबल धरूनही दोन ओहमच्या आत. ४ आणि ८ मध्ये मोटरची दोन्ही वेटोळी मिळून पाच-सहा ओहम. ३ आणि ७ मध्ये पॉट, ५०० च्या आसपास. १ ते ३ मोजताना काकांनी तारा परत जोडून बीम थोडी फिरवली, पुन्हा सोडवल्या, आकडा बदललेला होता. म्हणजे पॉटचा सरकता हात तार १ वर आहे. आणि तार १ हीच मोटर आणि ब्रेक दोघांचीही परतीची तार. ही गोष्ट वहीत लिहून मी पुढे गेले. तिथेच थांबून विचार केला असता तर पुढचे दोन आठवडे वाचले असते.

मोटरचं बळ कमी वाटत होतं. कपॅसिटर जुना, सुकलेला. इथे कराडची बाजारपेठ कामी आली. या मोटरला १२० ते १४० मायक्रोफॅरडचा, ध्रुव नसलेला कपॅसिटर लागतो, आणि शेतातल्या एका फेजच्या पंपाला जो स्टार्ट कपॅसिटर लावतात तो १२०-१५० चाच असतो. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात तो लगेच मिळाला. तो मुद्दाम वरच्या अंगाचा निवडला. हे यंत्र अमेरिकेच्या ६० हर्ट्झसाठी बनलेलं, आपल्याकडे ५०. कमी हर्ट्झला तोच कपॅसिटर जास्त अडथळा करतो, म्हणून थोडा मोठा चालतो. मोटर मात्र ५० हर्ट्झवर एक षष्ठांश हळूच फिरणार, त्याला इलाज नाही. पूर्ण फेरीला आम्हाला ७४ सेकंद लागली. डबा १२० व्होल्टचा असल्यामुळे बाहेर २३० ते ११० चा ट्रान्सफॉर्मर आहे, तो तसाच ठेवला. ५० हर्ट्झवर ट्रान्सफॉर्मरचं लोखंड लवकर तापतं, तेव्हा १२० ऐवजी ११० मिळणं इथे फायद्याचंच आहे.

पहिली मांडणी आणि तो आवाज

माझा पहिला आराखडा सरळ होता. आर्डुइनो नॅनो हा एक छोटा नियंत्रक-बोर्ड, बाजारात मिळणारा चार रिलेंचा, म्हणजे विजेने उघडबंद होणाऱ्या स्विचांचा, तयार बोर्ड, त्यातले तीन रिले तीन पट्ट्यांच्या संपर्कांना समांतर. पॉटचे १३ व्होल्ट दोन रोधकांनी विभागून आर्डुइनोच्या अॅनालॉग पायावर. १८ किलोओहम खाली आणि ३३ वर घेतला की १३ चे ४.५९ व्होल्ट होतात. पाच व्होल्टला १०२३ धरून पूर्ण फेरीला ९३९ पायऱ्या, म्हणजे एका अंशाला अडीचहून थोड्या जास्त. २० मीटर तरंगलांबीसाठीच्या तीन दांड्यांच्या बीमचा मुख्य झोत ६० अंशांच्या आसपास रुंद असतो, तेव्हा पाच अंश इकडेतिकडे झाले तर पलीकडच्या माणसाला फरक कळत नाही. एकेका अंशासाठी जीव टाकणारे आराखडे मी पाहिले आहेत. उपग्रहांच्या अरुंद बीमना ते ठीक, एचएफला, म्हणजे लघुलहरींना, ती मेहनत दुसरीकडे लावावी.

ब्रेकचा क्रम प्रोग्रॅममध्ये लिहिला : ब्रेक सोड, पाऊण सेकंद थांब, मोटर चालू कर, जागा आली की मोटर बंद, तीन सेकंद थांब, ब्रेक लाव. टेबलावर मोटर-ब्रेकच्या जागी दिवे लावून तपासलं, उत्तम चाललं. शनिवारी संध्याकाळी खरं जोडलं. बीम डौलात फिरली. मी खुशीत होते.

मग काकांनी लॉगचा प्रोग्रॅम उघडला. बीम फिरत असतानाच. गच्चीवरून धाडकन् आवाज आला आणि मनोऱ्याच्या ताणतारा थरथरल्या. मी पडद्याकडे पाहत होते, तिथे काहीच चुकीचं दिसत नव्हतं. काका मात्र ताठ झाले होते. "पाचर बसली," ते म्हणाले. "बीम चालू असताना बसली."

कारण सापडायला अर्धा तास लागला. संगणकावरचा कुठलाही प्रोग्रॅम नॅनोचा सिरियल पोर्ट उघडतो तेव्हा डीटीआर नावाची रेषा खाली येते आणि नॅनो नव्याने सुरू होते. नवा प्रोग्रॅम चढवताना ही सोय आहे. आमच्यासाठी तिचा अर्थ असा झाला, की मोटर आणि ब्रेक एकाच क्षणी सुटले आणि दहा-दहा मीटर लांबीच्या दांड्या घेऊन फिरणारी बीम पाचरीवर आपटली. चूक पूर्णपणे माझी. नॅनोच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की हे पुन्हा सुरू होणं थांबतं, आणि ते मी त्याच रात्री केलं. नवा प्रोग्रॅम चढवायचा असेल तेव्हा तो कपॅसिटर काढायचा, इतकंच.

पण माझं मन भरलं नाही. डीटीआर आवरला, उद्या यूएसबीची तार निघाली तर? वीज गेली तर? प्रोग्रॅम कुठे अडकला तर? कराडला पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे मला माहीत आहे. वीजच गेली तर पाचर बसणारच, ते डब्याच्या मूळ रचनेतच आहे. बाकी सगळ्या प्रसंगी मात्र ब्रेक माझ्या प्रोग्रॅमच्या शुद्धीवर अवलंबून राहणं मला मान्य नव्हतं.

काकांची बोटं काय करत होती

दुसऱ्या दिवशी मी काकांना म्हटलं, "तुम्ही हातानेच फिरवा. मी फक्त बघते." त्यांनी मधली पट्टी दाबली, क्षणभर थांबले, उजवी दाबली. सुरुवातीला बीम हलली नाही. त्यांनी उजवी सोडून डावी एकदा टिचकीसारखी दाबली, मग परत उजवी, आणि बीम निघाली. विचारलं तर म्हणाले, वाऱ्याने बीम एका बाजूला रेटलेली असली की पाचर खाचेत घट्ट अडकते, सोलेनॉइडला ती ओढता येत नाही. उलट दिशेने एक धक्का दिला की सुटते. इतकी वर्षं मी शेजारी बसून होते आणि ही टिचकी कधी लक्षात आली नव्हती.

शेवटी त्यांनी उजवी पट्टी सोडली, मधली मात्र धरून ठेवली, आणि डाव्या हाताच्या तर्जनीने टेबलावर काहीतरी वाजवलं. डा-डिट-डा-डिट, डा-डा-डिट-डा. मग मधली सोडली. मी पुन्हा फिरवायला सांगितलं. पुन्हा तेच. सीक्यू. कोणीही ऐकत असेल त्याला घातलेली साद, मोर्समधली पहिली शिकलेली जोडी. बीम डुलायची थांबेपर्यंत ते एकदा सीक्यू वाजवतात. त्यांना स्वतःला हे ठाऊक नव्हतं. मी घड्याळ लावून दहा वेळा मोजलं. पावणेचार ते सव्वाचार सेकंद. मिनिटाला आठ शब्दांच्या गतीने एक सीक्यू बरोबर चार सेकंदांत बसतो. काकांनी मोर्स शिकायला सुरुवात केली तेव्हाची ती गती असावी.

माझ्या प्रोग्रॅममधले तीन सेकंद मी अंदाजाने लिहिले होते. काकांची बोटं बीमकडून शिकली होती.

ब्रेकची वेळ प्रोग्रॅमबाहेर

दुसऱ्या मांडणीत तयार रिले-बोर्ड काढून टाकला. दिशेचे दोन रिले यूएलएन२००३ चिपवरून चालतात, आणि त्यांचे संपर्क असे जोडले, की डावा रिले ओढला गेला असेल तर उजव्याची वाटच तुटते. प्रोग्रॅमने वेडेपणा केला तरी मोटरला दोन दिशा एकदम मिळणार नाहीत.

ब्रेकचा रिले आयआरएलझेड४४एन या मॉसफेटवर, म्हणजे स्विचसारख्या ट्रान्झिस्टरवर, आहे. त्याच्या गेटवर, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पायावर, १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर ४७ किलोओहमचा रोधक. नॅनोच्या तीन पायांवरून, म्हणजे ब्रेक, डावा आणि उजवा, प्रत्येकी एक डायोड आणि २२० ओहमचा रोधक या गेटकडे येतो. तिघांपैकी कोणीही वर गेला की कपॅसिटर लगेच भरतो आणि ब्रेक सुटतो. तिघेही खाली आले, किंवा नॅनो मेलीच, तर कपॅसिटर ४७ किलोओहममधून हळूहळू रिकामा होतो आणि ब्रेक त्यानंतर बसतो. माझ्या मॉसफेटवर हा वेळ ४.२ सेकंद आला. तुमच्याकडे वेगळा येईल, कारण मॉसफेट कोणत्या दाबाला बंद होतो हे नगानगावर बदलतं. रोधक बदलून जुळवावा लागतो. या जोडणीत मोटर चालू पण ब्रेक लागलेला, ही अवस्था जास्त वेळ टिकूच शकत नाही, आणि मोटर थांबल्याबरोबर ब्रेक बसणंही शक्य नाही. यूएसबी उपटून पाहिली, रीसेट बटण दाबून पाहिलं, मुद्दाम अनंत फेऱ्यात अडकणारा प्रोग्रॅम चढवून रीसेट केला. प्रत्येक वेळी मोटर आधी थांबली, मग एक सीक्यू, मग पाचरीचा हलका टक आवाज.

हा रिले मूळ डब्यातल्या ब्रेकच्या पट्टीला समांतर आहे, आणि ती पट्टी मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक बाजूला वीज देते. म्हणजे इथे जीवघेणा दाब आहे. हा रिले वेगळ्या प्लॅस्टिकच्या खोक्यात, फ्यूजसह बसवला, बाकी इलेक्ट्रॉनिक्सपासून दूर. संपर्कांवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडची जोडी लावली, मुख्य विजेसाठी बनवलेल्या प्रकारचा कपॅसिटर घेऊन. तो नव्हता तेव्हा रिले सुटताना उडणाऱ्या ठिणगीने नॅनो अधूनमधून गोठत होती. समोर एक स्विच दिला : हात किंवा संगणक. दोघांनी एकदम फिरवू नये म्हणून.

२०० चे २१०

आता तार १ कडे येते. बीम थांबलेली असताना वाचन चोख होतं. ब्रेक सुटून मोटर सुरू झाली की आकडा उडी मारत असे, आणि गंमत म्हणजे ती उडी सगळीकडे सारखी नव्हती. उत्तरेला जवळजवळ शून्य. नैऋत्येकडे मात्र २०० अंशांवर उभी बीम निघता क्षणी २१० दाखवायची, आणि अगदी दक्षिणेच्या टोकाशी चूक वीस अंशांपर्यंत जायची. मी पॉटला दोष दिला, जोडण्या परत डागल्या, दोन वेळा मनोऱ्यावरही चढले.

मग वहीतली ती पहिल्या दिवसाची ओळ वाचली. मोटर आणि ब्रेकचा सगळा परतीचा प्रवाह तीस मीटर लांबीच्या तार १ मधून येतो. तिच्यावर मल्टिमीटरने दीड व्होल्ट एसी मोजला. पॉटचं वाचन याच तारेच्या तुलनेत होत असल्याने हा दीड व्होल्ट वाचनात मिसळतो. पण एसीची सरासरी शून्य असते आणि मी शंभर वाचनांची सरासरी घेत होते, मग चूक उरते कशी? उत्तर असं की नॅनोला शून्याखालचा दाब दिसतच नाही. २०० अंशांवर, म्हणजे फेरीच्या सुरुवातीच्या टोकाजवळ, पॉटचा दाब पाऊण व्होल्ट, त्यावर दोन व्होल्टांहून उंच लाट. लाटेचा खालचा भाग कापला जातो, वरचा उरतो, आणि सरासरी वर सरकते. गणित करून पाहिलं : २०० अंशांना उडी दहा अंशांची आली. मोजलेलीही दहाच. त्या रात्री मला नीट झोप लागली.

इलाज स्वस्त आहे. कापलं जाण्याआधी लाट बारीक करायची. दुभाजकाच्या मधल्या बिंदूवर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. दुभाजकाच्या रोधासह तो ५० हर्ट्झला पस्तीसेक पटीने दाबतो. उरलेल्या लाटेसाठी सरासरी बरोबर २० मिलिसेकंदांच्या पटीत घ्यायची, म्हणजे विजेच्या पूर्ण फेऱ्या मोजल्या जातात. शंभर वाचनं नव्हे, पूर्ण फेऱ्या. या गाळणीमुळे वाचन दशांश सेकंदाने मागे राहतं, आणि सेकंदाला पाचेक अंशांच्या गतीला त्याचा अर्थ अर्धा अंश. सोडून दिला.

रेडिओवरून १०० वॉट सोडताना आकडा नाचायचा तो वेगळा आजार होता. डब्याच्या पट्टीवर पॉटच्या तारांना ०.०१ मायक्रोफॅरडचे चकतीसारखे कपॅसिटर आणि केबलला फेराइटचं कडं लावल्यावर गेला.

दक्षिणेची भिंत

हॅम-फोरच्या मीटरवर उत्तर मधोमध असते आणि दोन्ही टोकांना दक्षिण. यंत्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक फेरी जातं, त्यापुढे नाही. युरोप-अमेरिकेशी बोलणाऱ्याला हे सोयीचं. पण कराडहून सिडनी १२६ अंशांवर आहे आणि जोहान्सबर्ग २२७ वर. कागदावर दोघांत १०१ अंश. वाट मात्र दक्षिणेतून बंद आहे, म्हणून बीमला पूर्व, उत्तर, पश्चिम असा २५९ अंशांचा वळसा घ्यावा लागतो, त्रेपन्न सेकंद. माझा प्रोग्रॅम पहिल्यांदा जवळची वाट शोधायला गेला आणि मर्यादा-स्विचवर जाऊन गप्प बसला. मोटरला काही झालं नाही, स्विच त्यासाठीच आहे. मी दिशांचा हिशेब उत्तरेपासून करणं बंद केलं. आत सगळं दक्षिणेच्या टोकापासून शून्य ते ३६० मोजायचं, आणि फक्त बोलताना होकायंत्राचे अंश सांगायचे. वळशाचा प्रश्नच उरत नाही.

काकांची उलटी टिचकीही प्रोग्रॅममध्ये आली. मोटर चालू करून चार सेकंदांत बीम दोन अंशही सरकली नाही, तर थांब, उलट दिशेने अर्धा सेकंद दे, मग पुन्हा प्रयत्न कर. तीनदा नाही जमलं तर सोडून दे आणि तसं कळव.

उत्तर कुठे, हा प्रश्न मनोऱ्यावर होकायंत्राने सुटत नाही, लोखंड सुईला खेचतं. आम्ही ध्रुवतारा वापरला. कराडच्या अक्षांशावर तो क्षितिजापासून सतरा अंशांवर, इमारतींच्या वर स्पष्ट दिसतो. मी गच्चीवर बूमच्या, म्हणजे बीमच्या मधल्या आडव्या दांड्याच्या, रेषेत उभी राहून खाली ओरडायची आणि काका बीम तसूतसूने सरकवायचे. बूम ताऱ्याशी जुळली तो शून्याचा बिंदू. मग पंचेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर खुणा करून नऊ बिंदूंचा तक्ता बनवला, मधलं सरळ रेषेने भरलं. पॉट सगळीकडे एकसारखा नाही हे त्यात दिसलं, सर्वांत जास्त फरक सात अंशांचा.

भाषा

नॅनोने संगणकाशी बोलावं कसं, यात मी नवं काही शोधलं नाही. याएसू या जपानी रेडिओ कंपनीच्या जीएस-२३२ जोडणीची आज्ञाभाषा जवळजवळ प्रत्येक हौशी रेडिओ प्रोग्रॅमला येते : एम आणि तीन आकडे म्हणजे तिकडे फिर, एस म्हणजे थांब, सी म्हणजे कुठे आहेस. पाठ करता येईल इतकी ती लहान आहे. के-थ्री-एनजी या सांकेतिक नावाने ओळखलं जाणारं मुक्त स्रोताचं रोटेटर फर्मवेअर, म्हणजे बोर्डावर चढवायचा तयार प्रोग्रॅम, ही भाषा, ब्रेकचा विलंब आणि बरंच काही तयार देतं. बहुतेकांनी तेच घ्यावं असं माझं मत आहे. मी स्वतः लिहिलं ते उलट्या टिचकीसाठी, आणि काकांना मधेच प्रश्न विचारून उत्तर मिळावं म्हणून.

एक अडचण मात्र सांगायला हवी. मी फक्त एम आणि सी लिहिलं होतं, आणि हॅमलिबने, म्हणजे रेडिओ आणि रोटेटर चालवणाऱ्या मुक्त स्रोताच्या प्रोग्रॅम-संचाने, उत्तरच दिलं नाही. हॅमलिबचा जीएस-२३२बी चालक दिशा आणि उंची दोन्ही धरून चालतो : जागा विचारताना सी२ पाठवतो आणि फिरवताना डब्ल्यू, दोन आकड्यांसह. आमच्या बीमला उंचीची हालचाल नाही, तरी नॅनोने ‘उंची शून्य’ असं सभ्यपणे सांगावं लागतं. ते शिकवल्यावर सगळं जुळलं. हॅमलिबचा रोटसीटीएलडी हा प्रोग्रॅम पार्श्वभूमीत चालतो, ४५३३ क्रमांकाच्या पोर्टवर, आणि लॉगचा प्रोग्रॅम त्याच्याशी बोलतो.

काकांना मात्र चित्रांचे प्रोग्रॅम नकोत. सुंदर नकाशा आणि फिरणारी सुई एनव्हीडीएला वाचता येत नाही. हॅमलिबच्याच रोटसीटीएल या आज्ञा टाइप करायच्या प्रोग्रॅमची साधी काळी खिडकी त्यांच्यासाठी सगळ्यांत चांगली ठरली. मोठ्या पीने पी ३१९ ० असं टाइप करून एंटर दाबलं की बीम लंडनकडे निघते, लहान पी टाकला की आवाज सांगतो ३१९. काकांनी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा तीनदा विचारून घेतलं. नंतर म्हणाले, "मीटर दिसत होतं तेव्हा मी पाच अंशांच्या आत कधी वाचलं नव्हतं."

वीज

या बदलाने एक नवा धोका घरात आणला हे मला सारखं खटकत होतं. पूर्वी मनोरा डब्यापर्यंत येत होता, आता तो यूएसबीने लॅपटॉपपर्यंत येतो. नॅनोचं ग्राउंड तार १ ला जोडलेलं आहे आणि तार १ मनोऱ्याला. मधे एडीयूएम४१६० चिपचा यूएसबी विलगक घातला. त्याने लॅपटॉपची गुणगुण गेली आणि छोट्या धक्क्यांपासून आडोसा मिळाला. थेट पडणाऱ्या विजेसमोर तो काहीच नाही. एप्रिल-मेमधला वळीव कराडला कोयनेच्या बाजूने अचानक येतो, आणि त्यावर उपाय जुनाच आहे : काम संपलं की आठ तारांचा प्लग डब्यातून काढून खिडकीबाहेर मातीशी जोडलेल्या पट्टीवर ठेवायचा. काकांनी तो प्लग हाताला ओळखू येईल असा मोठा, खाच असलेला घेतला. रोज झोपण्यापूर्वी ते तो स्वतः काढतात.

आज

पावसाळा संपेपर्यंत डबा याच मांडणीत चालला. संध्याकाळी काका जोहान्सबर्गला बोलतात, सकाळी जपानला. सिडनीहून जोहान्सबर्गकडे वळताना त्रेपन्न सेकंद वाट पाहावी लागते आणि दोन्ही हात मोकळे असतात. तरी शेवटी मोटर थांबली की डावी तर्जनी टेबलावर वाजतेच, आणि पाचरीचा टक तिच्या शेवटच्या डावर येतो.

एक काम राहिलं आहे. ५० ते ६५ अंशांच्या दरम्यान पॉटची तार झिजली आहे. तिथे वाचन क्षणभर सुटतं आणि मग सहा अंश पुढे पकडतं. वीस अंशांहून मोठी उडी दुर्लक्षित करायची अशी अट घातल्याने बीम गोंधळत नाही, पण टोकियोचे ५८ कधी ६४ ऐकू येतात. नेमक्या जपानच्याच दिशेला झीज व्हावी यात नवल नाही, काकांची बीम सर्वांत जास्त तिथेच थांबली आहे. पॉट बदलायला रोटेटर खाली उतरवावा लागेल. दिवाळीनंतर, वारा पडला की, आम्ही तिघे-चौघे मिळून तो उतरवणार आहोत. नवा ५०० ओहमचा पॉट माझ्या टेबलावर येऊन पडला आहे.